सॅम्पलिंग : चाल कोणाची, आवाज कोणाचा?

तापीकाठचे बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले, तरी खानदेशाशी आणि मराठीशी या शहराचे नाते जुने आहे. दख्खनच्या मोहिमेनिमित्त शहाजहानचा मुक्काम येथे असताना १७ जून १६३१ रोजी मुमताज महलचे याच शहरात निधन झाले. तापीच्या पैलतीरावरील जैनाबादच्या बागेत तिचे प्रथम दफन झाले आणि काही महिन्यांनी पार्थिव आग्र्याला हलविण्यात आले. शहाजहान-मुमताजच्या कथेवर दिग्दर्शक एम. सादिक यांनी १९६३ मध्ये ‘ताज महल’ हा हिंदी चित्रपट काढला. त्याची गीते साहिर लुधियानवी यांची, तर संगीत रोशन यांचे होते. महंमद रफी, आशा भोसले, मन्ना डे आणि मीना कपूर यांनी गायिलेली ‘चाँदी का बदन’ ही कव्वाली याच चित्रपटातील.

या कव्वालीतील स्त्रीस्वरातील एक ओळ २००२ मध्ये अमेरिकेत पुन्हा ऐकू आली. एरिक सर्मन या रॅप गायकाच्या ‘रिॲक्ट’ या गाण्यात निर्माते जस्ट ब्लेझ यांनी ती जशीच्या तशी उचलून बसविली होती. एखाद्याला आत्महत्येचीच हौस असेल तर त्याला कोण काय करणार, असा त्या ओळीचा आशय आहे. त्यावर रॅप गायक उत्तर देतो, की ती बाई जे काही म्हणाली असेल, तोच मी आहे! ओळीचा अर्थ ठाऊक नसल्याची ही उघड कबुलीच म्हणावी लागेल. गाणे तेथे गाजले. कव्वालीतील सवाल-जवाबाचा संदर्भ मात्र गळून पडला आणि नाद तेवढा उरला.

दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातील तुकडा उचलून आपल्या रचनेत वापरण्याच्या या पद्धतीला ‘सॅम्पलिंग’ म्हणतात. गेल्या पाच दशकांतील लोकप्रिय संगीत तिच्याशिवाय समजून घेता येत नाही. त्याचबरोबर, ज्याचा आवाज उचलला त्याचे नाव राहते का आणि त्याच्या पदरात काय पडते, हा प्रश्नही या पद्धतीला आरंभापासून चिकटलेला आहे.

उसनवारीचे तीन प्रकार

संगीतातील उसनवारी साधारणपणे तीन प्रकारची असते. पहिला प्रकार चाल घेण्याचा. यात शब्द, वाद्ये आणि गायक बदलतात, स्वरांची आकृती तेवढी मूळची राहते. दुसऱ्या प्रकारात मूळ गाण्यातील एखादा वाद्यमेळाचा भाग नव्या वादकांकडून हुबेहूब वाजवून घेतला जातो. तिसरा प्रकार सॅम्पलिंगचा. येथे चालीबरोबर मूळ गायकाचा प्रत्यक्ष गळा, मूळ वादकाचा प्रत्यक्ष हात आणि त्या दिवशीच्या ध्वनिमुद्रण कक्षातील हवासुद्धा नव्या गाण्यात येते.

पहिल्या प्रकाराचे बोलके उदाहरण बुऱ्हाणपूरच्या शेजारीच सापडते. २००३ मध्ये स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत बुऱ्हाणपूर हे खंडवा जिल्ह्याचा भाग होते आणि खंडवा हे किशोरकुमार यांचे जन्मगाव. त्यांचे थोरले बंधू अशोककुमार यांनी १९३६ च्या ‘जीवन नैया’मध्ये ‘कोई हमदम न रहा’ हे गीत गायिले होते. ते सरस्वतीदेवी यांनी संगीतबद्ध केले होते. किशोरकुमार यांनी १९६१ च्या ‘झुमरू’मध्ये ते नव्याने गायिले. ‘झुमरू’चे संगीतकार म्हणून नाव किशोरकुमार यांचेच आहे. भावाने भावाचे गाणे घेतले म्हणून रसिकांनी त्याचे कौतुक केले. पण ज्यांनी मूळ चाल बांधली, त्या सरस्वतीदेवींचे नाव आज फार थोड्यांना आठवते.

चालीचे मूळ सांगण्याची एक चांगली रीत मराठी रंगभूमीने पाळली होती. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२ च्या ‘सौभद्र’पासून पुढे कित्येक संगीत नाटकांच्या छापील संहितांत पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असा शब्द आणि त्यापुढे मूळ पदाचे आरंभीचे शब्द दिलेले आढळतात. त्यामुळे ती चाल लावणीची, कीर्तनातील पदाची की कर्नाटकातून आलेली, हे जाणकाराला शोधता येत असे. उसने घेण्यात कमीपणा नव्हता आणि ते सांगण्यातही संकोच नव्हता.

फारुकी दरबारातील पंडित

अशा नोंदीचे याहून जुने उदाहरण बुऱ्हाणपूरशी निगडित आहे. फारुकी घराण्याने खानदेशावर १६०१ पर्यंत राज्य केले. सोळाव्या शतकात या घराण्यातील बुऱ्हाण खानाच्या आश्रयाला कर्नाटकातून पुंडरीक विठ्ठल हा पंडित आला. त्याने येथे ‘सद्रागचंद्रोदय’ हा संस्कृत संगीतग्रंथ रचला. दक्षिणेचे शास्त्र शिकलेल्या या पंडिताच्या कानावर उत्तरेचे गाणे पडत होते आणि दोहोंचा मेळ घालण्याचा त्याचा प्रयत्न होता.

पुढे तो उत्तरेला कछवाह राजांच्या आश्रयाला गेला. तेथे लिहिलेल्या ‘रागमंजरी’त त्याने इराणी संगीतातून आलेल्या सुमारे पंधरा रागांची यादी दिली असून प्रत्येकाच्या जवळचा भारतीय रागही सांगितला आहे. त्यानुसार यमन कल्याणाजवळचा, सर्पर्दा बिलावलाजवळचा आणि इराकचे नाव घेऊन आलेला राग धनाश्रीजवळचा ठरतो. यमन कल्याण आणि सरपर्दा बिलावल ही नावे आजही मैफलीत ऐकू येतात. पुंडरीकाचे ग्रंथ विसाव्या शतकात पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या परिश्रमांमुळे अभ्यासकांपुढे आले. परकीय स्वराकृती आपल्याशा करताना तिचे मूळ नाव न पुसण्याची दृष्टी त्या यादीत दिसते.

चुंबकीय फितीपासून यंत्रापर्यंत

ध्वनी साठविण्याची सोय झाल्यानंतरच खरे सॅम्पलिंग शक्य झाले. १९४८ मध्ये पॅरिस येथे पिएर शेफर या फ्रेंच नभोवाणीतील अभियंत्याने आगगाडीचे आवाज मुद्रित केले आणि त्यांचे तुकडे जोडून एक रचना नभोवाणीवर ऐकविली. त्या वेळी त्याच्याजवळ तबकड्याच होत्या. चुंबकीय फीत हाती आल्यावर कापणे, जोडणे, उलटे वाजविणे सोपे झाले. १९६३ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे तयार झालेल्या मेलोट्रॉन या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली फितीचा तुकडा असे. पट्टी दाबली, की सुमारे ८ सेकंद आधी मुद्रित केलेली बासरी किंवा व्हायोलिने वाजत.

या कल्पनेला लोकप्रिय संगीताचे रूप मिळाले ते न्यूयॉर्कमधील ब्राँक्स या गरीब वस्तीत. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तेथील एका इमारतीत झालेल्या घरगुती समारंभात जमैकातून आलेला तरुण डीजे कूल हर्क रेकॉर्ड वाजवीत होता. गाण्यातील केवळ ढोलताशाचा छोटा भाग आला, की नाचणाऱ्यांना अधिक चेव येतो, हे त्याने हेरले होते. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो हा भाग आलटून पालटून वाजवीत राही. हिप-हॉपचा जन्म येथे झाला, असे मानतात. या संगीताचे पहिले मोठे यश ठरलेल्या १९७९ च्या ‘रॅपर्स डिलाइट’मध्ये शीक या वाद्यवृंदाच्या ‘गुड टाइम्स’चा ताल वादकांकडून पुन्हा वाजवून घेतला होता. आक्षेप आल्यानंतर मूळ रचनाकार नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांची नावे त्या गाण्याला जोडण्यात आली.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात फेअरलाइट हे संगणकीय वाद्य आले. ध्वनिलहरीची मोजणी सेकंदाला हजारो वेळा करून तिचे अंकांत रूपांतर करणे, या तांत्रिक क्रियेला ‘सॅम्पलिंग’ म्हणत. तेच नाव पुढे संगीताच्या पद्धतीला मिळाले. फेअरलाइट मोटारगाडीहून महाग होते. १९८८ मध्ये जपानच्या अकाई कंपनीने रॉजर लिन यांनी आखलेले एमपीसी हे यंत्र बाजारात आणले. रबरी चौकोनांवर बोटे आपटून साठविलेले तुकडे वाजविता येऊ लागले आणि वाद्य न शिकलेला, पण कान तयार असलेला तरुणही रचनाकार होऊ शकला. जुन्या रेकॉर्ड धुंडाळणे हाच त्याचा रियाज होता.

सात सेकंदांचा वादक

या नव्या कलेची दुसरी बाजू एका ढोलवादकाच्या आयुष्यात दिसते. वॉशिंग्टनच्या द विन्स्टन्स या वाद्यवृंदाने १९६९ मध्ये ‘आमेन, ब्रदर’ हे गाणे काढले. त्यात ग्रेगरी कोलमन यांनी सुमारे ७ सेकंद एकट्याने ड्रम वाजविले आहेत. जगातील सर्वांत जास्त वेळा उचलल्या गेलेल्या तुकड्यांत त्याची गणना होते. इंग्लंडमधील जंगल आणि ड्रम-अँड-बेस हे संगीतप्रकार तर याच तुकड्याच्या कापाकापीवर उभे राहिले. कोलमन २००६ मध्ये हलाखीत वारले. त्या ७ सेकंदांबद्दल त्यांना काहीही मिळाले नव्हते. वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्यासाठी २०१५ मध्ये चाहत्यांनी सुमारे २४ हजार पौंडांची वर्गणी जमविली. ती कृतज्ञता होती, स्वामित्वधन नव्हे.

न्यायालयांनी या प्रश्नाकडे उशिरा, आणि वेगवेगळ्या नजरेने पाहिले. १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅप गायकाने गिल्बर्ट ओ’सलिव्हन यांचे गाणे विनापरवाना वापरल्याच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी निकालपत्राचा आरंभच चोरी न करण्याच्या बायबलमधील आज्ञेने केला. त्यानंतर प्रत्येक तुकड्यासाठी परवानगी घेणे अटळ झाले. अनेक तुकडे गुंफून केलेले संगीत परवडेनासे झाले. डी ला सोल या त्रयीचा १९८९ चा गाजलेला संग्रह अशा परवान्यांच्या गुंत्यामुळे २०२३ पर्यंत इंटरनेटवरील संगीतसेवांवर येऊ शकला नाही.

तुकडा किती लहान असला तर चालेल, याचे एकच उत्तर अद्याप मिळालेले नाही. अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने २००५ मध्ये २ सेकंदांच्या गिटारसाठीही परवाना हवाच, असे म्हटले. दुसऱ्या अपील न्यायालयाने २०१६ मध्ये मॅडोनाच्या ‘व्होग’मधील पाव सेकंदाहून कमी लांबीचा तुकडा क्षुल्लक मानला. क्राफ्टवेर्क या जर्मन वाद्यवृंदाच्या २ सेकंदांच्या तालावरून चाललेल्या वादात युरोपीय न्यायालयाने २०१९ मध्ये, कानाला ओळखू न येण्याइतका बदललेला तुकडा ही मूळ ध्वनिमुद्रणाची नक्कल ठरत नाही, असा निर्वाळा दिला.

मंगेशकरांचा गळा, परदेशी गाणे

हिंदी चित्रपटसंगीताकडे परदेशी निर्मात्यांचे लक्ष २००० नंतर विशेष वळले. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या गायिकेच्या ‘ॲडिक्टिव्ह’ या गाण्यात लता मंगेशकर यांचा आवाज जवळपास अखंड वाजत होता. तो ‘ज्योती’ या १९८१ च्या चित्रपटातील ‘थोडा रेशम लगता है’ या गीतातून घेतलेला होता. संगीतकार बप्पी लाहिरी न्यायालयात गेले आणि त्यांच्या नावाचा उल्लेख असल्याशिवाय विक्री करू नये, असा अंतरिम आदेश २००३ मध्ये त्यांनी मिळविला. पुढे मात्र त्यांचा दावा टिकला नाही. चित्रपटासाठी संगीत देताना त्यांनी सर्व हक्क निर्मात्याच्या संस्थेला दिले होते, असे निष्पन्न झाले. चाल ज्याची, त्याच्याच हाती तिचा हक्क नव्हता.

ब्रिटनी स्पिअर्सच्या ‘टॉक्सिक’ या गाण्यातील उंच स्वरातील व्हायोलिने अनेकांना परिचित आहेत. ती ‘एक दूजे के लिए’ या १९८१ च्या चित्रपटातील ‘तेरे मेरे बीच में’ या गीतातून आलेली आहेत. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे असून चित्रपटाची कथा गोव्याच्या पार्श्वभूमीवर घडते. ‘टॉक्सिक’ला २००५ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ब्लॅक आइड पीज यांनी आशा भोसले यांच्या ‘अपराध’ आणि ‘डॉन’ या चित्रपटांतील, कल्याणजी-आनंदजींनी संगीतबद्ध केलेल्या दोन गीतांचा आधार घेतला. २००७ मध्ये मॅडलिब या अमेरिकी निर्मात्याने भारतीय चित्रपटसंगीताच्या तुकड्यांतून संपूर्ण संग्रहच तयार केला. मंगेशीच्या दीनानाथांच्या लेकींचे गळे असे जगभर फिरले; ऐकणाऱ्यांपैकी कितीजणांना त्यांची नावे ठाऊक झाली, हा प्रश्न उरतोच.

गोमंतकीय हात

हा विषय गोमंतकीयांच्या आणखी जवळचा आहे. परदेशी निर्माते बहुधा गाण्याचा मुखडा उचलत नाहीत. त्यांना हवा असतो तो मधला वाद्यमेळ. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत हा वाद्यमेळ लिहिण्याचे आणि वाजविण्याचे काम कित्येक दशके गोमंतकीय वादकांनी केले. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेली ही मंडळी मुंबईत आली. हळदोण्याचे चिक चॉकलेट यांनी सी. रामचंद्र यांच्यासोबत काम केले, तर सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यमेळ रचले. श्रेयनामावलीत अशा वाद्यमेळकारांना फार तर सहायकाची जागा मिळे. मागे बसलेल्या व्हायोलिनवादकांची नावे तर तबकडीवर कधीच छापली जात नसत.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे या परंपरेतील मोठे नाव. प्यारेलाल यांनी व्हायोलिनचे धडे त्यांच्याकडे घेतले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यात प्यारेलाल यांनी गुरूचे नाव गुंफले आणि ते घरोघरी पोहोचले, पण ते एका खऱ्या संगीतकाराचे नाव आहे, हे बहुतेक श्रोत्यांना ठाऊक नव्हते. ‘टॉक्सिक’मधील व्हायोलिने ऐकताना या गुरुशिष्य परंपरेची आठवण ठेवावयास हवी.

गोव्याने सॅम्पलिंगच्या संस्कृतीत आणखी एक भर घातली. १९८० च्या दशकात हणजुणच्या किनाऱ्यावर परदेशी डीजे रात्रभर संगीत वाजवीत. उष्म्याने तबकड्या वाकत म्हणून ते कॅसेट वापरत. आवडत्या गाण्यातील गायनाचे भाग वगळून आणि तालाचे भाग लांबवून ते नव्या कॅसेट तयार करीत. त्यातून नव्वदच्या दशकात ‘गोवा ट्रान्स’ हा प्रकार जगभर ओळखला जाऊ लागला. इंग्रजी विज्ञानपटांतील संवादांचे तुकडे हे त्याचे एक वैशिष्ट्य होते. येथे उचललेल्या आवाजांवर उभ्या राहिलेल्या संगीताने आमच्या राज्याचे नाव मात्र आवर्जून धारण केले.

भारतीय कायदा काय सांगतो?

१९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात सॅम्पलिंगसाठी स्वतंत्र कलम नाही. तथापि गीत, संगीतरचना आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे आहेत. ‘चाँदी का बदन’चेच उदाहरण घ्यावे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे चालतो. म्हणजे १९६३ च्या मुद्रणाची मुदत २०२३ अखेर संपली. गीत आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. रोशन १९६७ मध्ये, तर साहिर १९८० मध्ये निवर्तले. त्यामुळे भारतात ती चाल २०२७ अखेरपर्यंत आणि शब्द २०४० अखेरपर्यंत संरक्षित आहेत. मुद्रण जुने झाले म्हणून गाणे मोकळे झाले, असा समज करून घेणे धोक्याचे ठरेल.

१९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटासाठी लिहून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक सर्वसाधारणपणे निर्माता ठरतो, असा निकाल दिला होता. २०१२ च्या दुरुस्तीने ही स्थिती बदलली. चित्रपटगृहाबाहेरील वापरासाठीच्या स्वामित्वधनातील गीतकार-संगीतकारांचा समान वाटा आता करार करूनही काढून घेता येत नाही. गायक-वादकांनाही व्यावसायिक वापरातील स्वामित्वधनाचा हक्क मिळाला. मात्र चित्रपटातील ज्याचा सहभाग किरकोळ वा प्रासंगिक आहे आणि व्यवसायाच्या रूढीप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत कोठेही दिले जात नाही, अशा व्यक्तीला या कायद्यानुसार कलाकार मानले जात नाही. आपल्या सादरीकरणाची विकृती झाल्यास हरकत घेण्यापुरता अपवाद तेवढा आहे. श्रेयनामावलीतील एका ओळीचे मोल यावरून लक्षात यावे.

आज सॅम्पलिंगसाठी महागडे यंत्र लागत नाही. बुऱ्हाणपूरच्या यंत्रमागांची खटखट असो वा मांडवीवरील फेरीबोटीचा भोंगा, भ्रमणध्वनीवर मुद्रित करून कोणीही त्यातून ताल उभा करू शकतो. जुन्या गाण्यांचे तुकडेही तितकेच सहज हाती येतात. त्यामुळे मुळाची नोंद करण्याची जबाबदारी आता मोठ्या कंपन्यांपुरती राहिलेली नाही.

बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी शिलालेखासोबत संस्कृत शिलालेखही आहे. मशीद बांधणाऱ्या फारुकी राजाची वंशावळ आणि बांधकामाचा काळ त्यात दिलेला आहे. शक १५११ चा तो मजकूर आजही वाचता येतो. पुंडरीकाच्या यादीने आणि नाट्यपदांवरील ‘चाल’ या शब्दानेही असेच काम केले. ‘रिॲक्ट’ ऐकणाऱ्याला मात्र त्या कव्वालीपर्यंत पोहोचण्याची वाट स्वतःच शोधावी लागते.